उष्णतेचा हिशेब ठेवणारा माणूस : जेम्स ज्यूल

मराठी विभागासाठी एखाद्या शास्त्रज्ञाचं चरित्र लिही, असं सरांनी सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर नेहमीची नावं आली. एडिसन, टेस्ला, फॅरेडे. पण या सगळ्यांवर आपल्या मॅगझिनमध्ये आधीच कुणी ना कुणी लिहिलेलं असतं. मला मात्र एका वेगळ्याच माणसाबद्दल लिहायचं होतं. त्याचं नाव आपण रोज घेतो, पण एकक म्हणून. माणूस म्हणून तो कोण होता हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मलाही नव्हतं. मी त्याच्यापर्यंत पोचलो तो आमच्या शेतातल्या मोटरीच्या पेटीमुळे. म्हणून आधी ती गोष्ट सांगतो.

आमचं गाव बिद्रीजवळ. कोल्हापूर-गारगोटी रस्त्यानं गेलात की मौनीनगरला दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याची धुराडी दिसतात. त्या भागात शेती म्हणजे ऊस आणि ऊस म्हणजे पाणी. आमची मोटर दहा हॉर्सपॉवरची. पोलापासून मोटरीच्या खोलीपर्यंतचं अंतर तीनशे मीटरच्या आसपास. शेतीची थ्री फेज लाईट काही आठवडे दिवसा, काही आठवडे रात्री. रात्रीची पाळी आली की आण्णा (माझे वडील) बॅटरी आणि काठी घेऊन निघायचे.

मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. जुनी केबल ठिकठिकाणी जोड मारून मारून संपली होती, म्हणून आण्णांनी नवीन घेतली. १६ चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियमची. एवढी जाड का? तर अंतर लांब, बारीक केबल घातली तर शेवटाला व्होल्टेज पडतं आणि मोटर उचलत नाही. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. अडचण आली ती स्टार्टरच्या पेटीत. तिथलं टर्मिनल जास्तीत जास्त १० चौरस मिलिमीटरच्या तारेसाठी केलेलं. सात पदरांची ती जाड तार त्यात शिरेना. वायरमन काका दोन दिवसांनी येणार होते. मी म्हटलं, दोन दिवस कशाला, मी इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी आहे की! पक्कड घेतली, प्रत्येक तारेच्या टोकाचे सातपैकी तीन पदर कापले, उरलेले चार पिळून आत घातले आणि स्क्रू आवळला. मोटर सुरू झाली. आण्णांनी शेजाऱ्यांना कौतुकानं सांगितलंसुद्धा, की आता पोरगंच सगळं करतंय.

साधारण तीन आठवड्यांनी, एप्रिलात, रात्रीच्या पाळीला मोटर नुसती घुमायला लागली. आण्णा पेटी उघडायला गेले. आत एक टर्मिनल वितळून गेलं होतं, तिथली फेज तुटली होती आणि मोटर दोन फेजवर ओढत होती. पेटीचं दार उघडायला आणि आत जाळ व्हायला एकच गाठ पडली. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं भाजली. मोटरीचं वाइंडिंगही गेलं. रिवाइंडिंग होऊन यायला नऊ दिवस लागले आणि भर उन्हाळ्यात उसाच्या दोन पाळ्या चुकल्या.

आण्णांनी सगळ्यांना सांगितलं की केबलच खराब लागली. मी गप्प बसलो. तीन पदर मी कापले होते हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढे डिग्रीला आलो. एका तोंडी परीक्षेत मला विचारण्यात आलं, तारेत उष्णता किती निर्माण होते? मी पटकन सांगितलं, आय स्क्वेअर आर. मग पुढचा प्रश्न आला, की हे शोधलं कसं? मला काही सांगता आलं नाही. त्या दिवशी लायब्ररीत जाऊन जेम्स प्रेस्कॉट ज्यूलचं चरित्र काढलं आणि वाचतच बसलो.

ज्यूलचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्ड गावी झाला. वडिलांचा बिअर बनवण्याचा मोठा कारखाना होता. घर खाऊन-पिऊन सुखी. पण लहानपणी पाठीच्या कण्यात दोष होता, तब्येत नाजूक, स्वभाव बुजरा. त्यामुळे शिक्षण बरंचसं घरीच झालं. पुढे त्याला आणि त्याच्या मोठ्या भावाला वडिलांनी शिकवणीसाठी पाठवलं ते थेट जॉन डाल्टनकडे. हो, तोच अणुसिद्धांतवाला डाल्टन! तो तेव्हा म्हातारा झाला होता. त्यानं या पोरांना अंकगणित आणि भूमितीपासून सुरुवात करून दिली. १८३७ मध्ये डाल्टनला पक्षाघात झाला आणि शिकवणी थांबली. पण नीट मोजल्याशिवाय बोलायचं नाही, ही सवय ज्यूलला लागली ती बहुधा तिथेच. विद्यापीठात तो कधी शिकला नाही आणि पुढे कुठल्या विद्यापीठात प्राध्यापकही झाला नाही. दिवसा वडिलांच्या कारखान्यात काम आणि उरलेल्या वेळात घरातल्या खोलीत प्रयोग, असं त्याचं आयुष्य होतं.

त्याचा पहिला प्रश्न अगदी धंदेवाईक होता. तेव्हा कारखाने वाफेच्या इंजिनावर चालत. विजेवर फिरणारं यंत्र नुकतंच निघालं होतं आणि अनेकांना वाटत होतं, की आता जवळजवळ फुकटात शक्ती मिळणार. ज्यूलनंही विशीच्या आतच तसं यंत्र बनवून पाहिलं. १८३८ मध्ये त्यावर त्याचा लेख छापून आला. पण मग त्यानं हिशेब मांडला. बॅटरीत एक पौंड जस्त खर्च झालं तर किती काम होतं आणि तेवढाच कोळसा चांगल्या वाफेच्या इंजिनात जाळला तर किती? उत्तर विजेच्या विरुद्ध गेलं. कोळसा कितीतरी स्वस्त पडत होता. ज्या कल्पनेच्या मागं तो लागला होता तीच त्यानं स्वतःच्या आकड्यांनी खोडून काढली आणि तसं छापून टाकलं. माझ्या वयाच्या पोरानं हे केलं होतं हे वाचून मी जरा वरमलोच.

पण त्या खटपटीत त्याच्या मनात एक प्रश्न राहिला. यंत्राच्या तारा तापतात, म्हणजे काहीतरी वाया जातं. किती वाया जातं? कशावर अवलंबून असतं? १८४० मध्ये त्यानं याचा छडा लावला. प्रयोग इतका साधा की आपल्या लॅबमध्येही करता येईल. सारख्या लांबीच्या तांब्याच्या दोन तारा घेतल्या, एक जाड, एक बारीक. काचेच्या नळीवर गुंडाळून पाण्यात बुडवल्या. दोन्हींतून सारखाच प्रवाह सोडला आणि थर्मामीटरनं पाण्याचं तापमान किती वाढतं ते पाहिलं. बारीक तारेचं पाणी जास्त तापलं, आणि ते तारेच्या रोधाच्या प्रमाणातच. मग प्रवाह कमी-जास्त करून पाहिला. प्रवाह दुप्पट केला की उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणजे उष्णता ही प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते. हाच तो आय स्क्वेअर आर.

त्यानं हा निबंध डिसेंबर १८४० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवला. त्यांनी फक्त छोटासा सारांश छापला. बावीस वर्षांचा दारूभट्टीवाल्याचा पोरगा, त्याला कोण विचारतो? पूर्ण निबंध पुढच्या वर्षी दुसऱ्या नियतकालिकात आला. रशियात हाइन्रिक लेन्झनंही स्वतंत्रपणे हेच शोधून १८४२ मध्ये मांडलं. म्हणून काही पुस्तकांत याला ज्यूल-लेन्झ नियम म्हणतात.

आता माझ्या पेटीकडे येतो. हा नियम हातात घेऊन मी हिशेब केला. मला वाटत होतं की तीन पदर कापले म्हणून तार तिथं बारीक झाली आणि बारीक झाली म्हणून तापली. हिशेब काढला तर भलतंच निघालं. १६ चौरस मिलिमीटर अॅल्युमिनियमचा रोध किलोमीटरला सुमारे १.९ ओहम. चारच पदर उरले तर तो होतो साधारण ३.३ ओहम. पण बारीक झालेला तुकडा फक्त दोन सेंटीमीटर. त्याचा रोध ०.००००६७ ओहम. मोटरीचा प्रवाह धरा १५ अँपिअर. वर्ग २२५. गुणाकार केला तर उष्णता येते ०.०१५ वॅट. म्हणजे काहीच नाही!

मग जळलं काय? जळला तो सांधा. कापून पिळलेले पदर गोल राहत नाहीत. स्क्रू एक-दोन पदरांवरच टेकतो. अॅल्युमिनियमला हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि तो पापुद्रा वीज जाऊ देत नाही. शिवाय अॅल्युमिनियम मऊ, दाबाखाली हळूहळू सरकतं, मग आवळलेला स्क्रू ढिला पडतो. समजा, अशा सांध्याचा रोध वाढत वाढत ०.१ ओहम झाला. गुणिले २२५, म्हणजे २२.५ वॅट. आपल्या लॅबमधलं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. म्हणजे मी पेटीत एक सोल्डरिंग आयर्न चालू करून ठेवून दिलं होतं आणि ते आण्णांच्या हाताची वाट बघत होतं. त्यात रात्री व्होल्टेज पडलं आणि प्रवाह १५ चा १८ झाला, तर उष्णता वाढते १.४४ पट. सांधा तापला की आणखी ऑक्साइड, आणखी रोध, आणखी उष्णता. हे चक्र एकदा सुरू झालं की टर्मिनल वितळेपर्यंत थांबत नाही. ओव्हरलोड रिलेला यातलं काही कळत नाही, कारण प्रवाह नेहमीएवढाच असतो.

ज्यूलचं पुढचं काम याहून मोठं आहे. तेव्हा बहुतेक शास्त्रज्ञ उष्णता हा एक प्रकारचा द्रव आहे असं मानत. तो एका वस्तूतून दुसरीत वाहतो, पण नव्यानं तयार होत नाही, अशी समजूत होती. ज्यूलला प्रश्न पडला, की तारेतली उष्णता मग येते कुठून? त्यानं चुंबकाच्या मध्ये फिरणारी कॉइल पाण्यात ठेवली आणि दाखवलं, की हातानं फिरवलेल्या यंत्रातूनही उष्णता खरोखर तयार होते. १८४३ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात त्यानं हे मांडलं. श्रोते गप्प. कुणी दखलच घेतली नाही.

मग आला तो प्रसिद्ध वल्ह्यांचा प्रयोग. तांब्याच्या भांड्यात पाणी, पाण्यात वल्ही, वल्ह्यांना दोरी आणि दोरीला वजनं. वजनं खाली येताना वल्ही फिरतात, पाणी घुसळलं जातं आणि तापतं. किती तापतं? वजनं पुन्हा पुन्हा वर चढवून वीस वेळा खाली सोडली तरी जेमतेम अर्ध्या अंश फॅरनहाइटच्या आसपास. एवढासा फरक मोजायला त्याच्याकडे अंशाचा दोनशेवा भाग वाचता येईल असं थर्मामीटर होतं. अनेकांचा विश्वासच बसला नाही. पण बिअरच्या धंद्यात तापमान जरा चुकलं तर अख्खा माल बिघडतो, त्यामुळे थर्मामीटर कसं वापरायचं हे त्याच्या हातातच होतं.

जून १८४७ मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत त्यानं हे पुन्हा मांडलं. अध्यक्षांनी त्याला थोडक्यात आटपायला सांगितलं. याही वेळी विषय तसाच विरून गेला असता, पण श्रोत्यांत विल्यम थॉमसन नावाचा तेवीस वर्षांच्या आतला प्राध्यापक बसला होता. तोच पुढे लॉर्ड केल्विन झाला. त्याला हे पटलं नव्हतं, पण ऐकून तो अस्वस्थ झाला. त्यानं चर्चा सुरू केली आणि तिथून दोघांची मैत्री जुळली. पुढे दोघांनी मिळून वायूंवर काम केलं. फ्रिजपासून वायूंचं द्रवीकरण करण्यापर्यंत जिथं तिथं आपण ज्यूल-थॉमसन परिणाम शिकतो, तो या मैत्रीतून आला. १८५० मध्ये ज्यूलला रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं. ज्या संस्थेनं दहा वर्षांपूर्वी सारांशावर भागवलं होतं, तीच ही संस्था. १८७० मध्ये तिनंच त्याला कोप्ली पदक दिलं.

घरचं आयुष्य मात्र सोपं नव्हतं. १८४७ मध्ये अमेलिया ग्राइम्स हिच्याशी त्याचं लग्न झालं आणि सातच वर्षांनी, १८५४ मध्ये ती वारली. एक मूलही गेलं. मागं राहिली दोन लहान मुलं. त्याच सुमारास घरचा कारखाना विकण्यात आला. तो पूर्वीच बुजरा, आता आणखी एकटा झाला. पण प्रयोग थांबले नाहीत.

मला सगळ्यात भावलेला प्रसंग १८६७ चा आहे. रोधाचं प्रमाण ठरवणाऱ्या समितीच्या सांगण्यावरून त्यानं उष्णता आणि काम यांचं नातं विजेच्या मार्गानं पुन्हा मोजलं. आकडा आला ७८३ च्या जवळ. त्याचा वल्ह्यांचा जुना आकडा होता ७७२. (एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइट तापवायला किती फूट-पौंड काम लागतं, तो हा आकडा.) फरक एक टक्क्याहून थोडा जास्त. कुणीही म्हटलं असतं, जाऊ दे, प्रयोगातली चूक. त्यानं तसं केलं नाही. साठीच्या घरात असताना वल्ह्यांचा प्रयोग अधिक काळजीनं पुन्हा केला आणि १८७८ मध्ये ७७२.५५ हा आकडा दिला. म्हणजे वल्ह्यांच्या मापात खोट नव्हती. खोट होती ती त्या वेळच्या प्रमाण ओहममध्ये! तो एक टक्क्याहून थोडा जास्त चुकला होता. आज मान्य असलेला आकडा ७७८ च्या जवळ आहे. म्हणजे त्याची चूक एक टक्क्याहूनही कमी.

१८७८ मध्येच सरकारनं त्याला सालिना २०० पौंड पेन्शन दिली, कारण स्वतःचे पैसे प्रयोगांत आणि संसारात संपत आले होते. १८८९ मध्ये पॅरिसच्या विद्युत परिषदेनं ऊर्जेच्या एककाला ज्यूल हे नाव दिलं. त्यानंतर काही आठवड्यांतच, ११ ऑक्टोबर १८८९ रोजी, मँचेस्टरजवळच्या सेल गावी त्याचं निधन झालं. त्याच्या थडग्याच्या दगडावर ७७२.५५ हा आकडा कोरलेला आहे.

चरित्र वाचून झालं आणि दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो. आण्णांना मोटरीच्या खोलीत घेऊन गेलो आणि तीन पदर मी कापले होते हे सांगून टाकलं. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी एवढंच विचारलं, की आता बरोबर कसं करायचं ते कळलंय का? कळलं होतं. आम्ही वायरमन काकांना बोलावलं आणि तिघांनी मिळून काम केलं. जाड अॅल्युमिनियम केबलला अॅल्युमिनियम-तांब्याचा लग क्रिंप केला. आधी तार घासून जॉइंटिंग पेस्ट लावली. लग बसेल असा मोठा टर्मिनल ब्लॉक वेगळ्या पेटीत घेतला आणि तिथून स्टार्टरपर्यंत तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची छोटी तार ओढली. लांब अंतरासाठी जाड केबल, टर्मिनलसाठी त्याच्या मापाची तार. दोघांचं माप वेगळ्या कारणानं ठरतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट समजलं.

आपल्यापैकी बरेच जण पुढे पॅनेलच्या कामात जाणार आहेत, म्हणून चार गोष्टी लिहून ठेवतो.

एक, टर्मिनलवर तारेचं कमीत कमी आणि जास्तीत जास्त माप छापलेलं असतं, ते वाचा. आयईसी ६०९४७-७-१ प्रमाणे २.५ च्या टर्मिनल ब्लॉकला २४ अँपिअर, ४ ला ३२, ६ ला ४१ आणि १० ला ५७ अँपिअर धरतात.

दोन, तार नुसती वीज नेत नाही, टर्मिनलची उष्णताही ओढून नेते. ब्रेकरची तापमान-चाचणी ठरावीक मापाच्या तारेनं होते. ३२ अँपिअरला ६ चौरस मिलिमीटर, ६३ ला १६, तांब्याची. त्याहून बारीक तार लावली तर ब्रेकरवर छापलेल्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

तीन, एक्सएलपीई केबल ९० अंश सेल्सिअस सोसते म्हणून तिच्यातून तेवढा प्रवाह सोडू नका. टर्मिनल तेवढं सोसेलच असं नाही. जोडातला जो भाग सगळ्यात कमी सोसतो, त्याच्यावरून तारेचं माप ठरतं.

चार, तार शिरत नसेल तर पदर कापू नका. लग बदला, नाहीतर टर्मिनल बदला. आणि आवळलेला स्क्रू काही दिवसांनी लाईट बंद करून पुन्हा तपासा.

कारखान्यात बगॅस जळतं, वाफ होते, टर्बाइन फिरतं, वीज तयार होते. ती वीज कुठंतरी मोटर फिरवते आणि तिचा काही भाग तारांत आणि सांध्यांत पुन्हा उष्णता होऊन जातो. या सगळ्याचा हिशेब एकच आहे आणि तो मांडायला ज्यूलनं चाळीस वर्षं घालवली. आमच्या पेटीत त्यातला अगदी छोटा भाग होता. आण्णांची बोटं आता बरी आहेत, फक्त एका बोटाचं पेर पूर्ण मिटत नाही. रात्रीच्या पाळीला मी घरी असलो की पेटी मीच उघडतो.